मंगळवारची झोप

सिद्धाराम कामावरून गेला त्या दिवशी महारुद्राला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. फक्त नऊ वर्षं ज्या आनंदाची वाट पाहिली तो असा, अंगठा तुटलेली चप्पल घालून फरफटत यावा, हे त्याला काही पटेना.

उमरग्याच्या पेठेत गौरीशंकर अण्णांचं कापडाचं दुकान आहे. खाली पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, वर माल ठेवायचा माळा. गादीवर हे दोघं. दोघांच्या अंगात दुकानाचा एकसारखाच विटकरी शर्ट, पण आतली माणसं अगदी निराळी. महारुद्र म्हणजे घडीचा माणूस. गिऱ्हाइकानं पन्नास साड्या उलगडून टाकाव्यात आणि एकही न घेता उठावं, तरी त्याच्या कपाळावर आठी नाही. सांजेला पाखरं झाडात शिरावीत तशा त्या साड्या त्याच्या हाताखालून आपापल्या घडीत शिरायच्या. आणि सिद्धाराम म्हणजे नुसता उलगडणारा. पदर असा झोकात उडवायचा की बायांच्या माना आपसूक वळायच्या. मग साडी तिथंच टाकून चहाला जायचा. त्याचा चहा असा, की तेवढ्या वेळात चहाचं रोप लावून, पानं खुडून, वाळवूनसुद्धा झाली असती. चहा नसला तर माळ्यावर. माळ्यावर सुतळीनं बांधलेल्या परकरांच्या गठ्ठ्यांची गादी आणि ब्लाउजपीसची उशी करून त्यानं आपलं एक छोटंसं संस्थान थाटलं होतं.

हे सगळं महारुद्र रोज घरी जेवताना बायकोला, दीपमालेला सांगायचा. भाकरीबरोबर ठेचा असायचा, तसा जेवणाबरोबर सिद्धाराम असायचा. दीपमालेनं त्याला उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल, पण त्याच्या जांभया तिला तोंडपाठ होत्या.

अण्णांनी दुकानात कॅमेरे बसवले तेव्हा महारुद्राला बरं वाटलं. आपली मान खाली घालून चाललेली मेहनत आता कुणीतरी वरून बघणार. दिवसातून दोनतीनदा तो कॅमेऱ्याखाली उभा राहून विनाकारण घड्या घालायचा. आणखी एक कॅमेरा अण्णांनी कुणाला न सांगता माळ्यावर, नुसती ती गादी दिसेल असा लावून घेतलाय, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

मग तो मंगळवार आला. उन्हाळ्याची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अण्णा माल आणायला सोलापूरला गेलेले, आणि सिद्धाराम सकाळी अकरापासून गायब. महारुद्राच्या डोक्यात तिडीक गेली. आज त्याला झोपेतच धरायचा, उठवायचा, आणि नऊ वर्षं घोकून ठेवलेलं एकदाचं तोंडावर बोलायचं, असं ठरवून तो माळ्यावर चढला.

माळ्यावर कुणी नव्हतं. परकरांची गादी तेवढी होती. मध्ये माणसाच्या आकाराचा खळगा पडलेला, वर एक टॉवेल. खिडकीतून बारीक वारा येत होता आणि कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास. महारुद्र उभ्याउभ्या बघत राहिला. नऊ वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला ते हे आहे तरी कसं, ते बघावं, या शुद्ध चौकशीच्या हेतूनं तो दोन मिनिटं टेकला. ऊन लागू नये म्हणून टॉवेल डोक्यावर घेतला. भिंतीकडं तोंड केलं.

सव्वा तासानं जागा झाला तेव्हा त्याला आधी आठवलं नाही की आपण कोण. मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं, असं वाटलं. त्यानं टॉवेलची घडी घातली आणि चोरासारखा खाली आला.

शनिवारी सकाळी अण्णांनी दोघांना गल्ल्यापाशी बोलावलं. मोबाइल पुढं धरला. पडद्यावर विटकरी शर्टातली एक पाठ, डोक्यावर टॉवेल, बाजूला चपला.

"सिद्धाराम, ह्ये काय म्हणायचं?" अण्णा कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. "मंगळवारी सव्वा तास. म्या दोनदा बघितलं. येकदाबी कूस बदलली न्हाय तू."

सिद्धारामनं मोबाइल हातात घेतला. लांब धरून बघितला, जवळ घेऊन बघितला. मग एकदा महारुद्राकडं बघितलं, अगदी सहज, पंखा चालू आहे का बघावं तसं.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "डोळा लागला."

"मग उद्यापून घरीच झोप. तिथं अजून ब्येस लागंल."

महारुद्राच्या तोंडात जीभ होती. जिभेवर 'अण्णा' हा शब्दही आला होता. पण त्याच्यापुढचा शब्द 'म्या' हा होता, आणि तो घशात असा आडवा बसला की ना वर येईना, ना खाली जाईना. तेवढ्यात सिद्धारामनं खुंटीवरची पिशवी काढली, "चलतो रे रुद्रा," म्हणाला, आणि गावाकडं, जळकोटच्या गाडीला गेला. वेळेवर गाठलेली ती त्याची बहुधा पहिलीच गाडी.

रात्री ताटावर बसता बसता महारुद्र म्हणाला, "सिद्ध्याला काढलं."

"झालं न्हवं मनासारखं," दीपमाला भाकरी थापत म्हणाली. "आता जेवताना काय बोलणार?"

तो खरंच काही बोलेना. तिनं तवा उतरवला.

"का काढलं?"

"झोपला म्हणून. मंगळवारी. माळ्यावर."

दीपमालेनं त्याच्या गालाकडं बघितलं. "मंगळवारी तुमी घरी आलता तवा गालावर सुतळीचा वळ हुता. ह्यो असा, कानापून हनुवटीपत्तुर. मला वाटलं, पेठेत मार खाल्ला का काय. म्हणून इचारलं न्हाय."

महारुद्रानं गालावर हात ठेवला. वळ कधीच गेला होता, पण त्याला तो बोटाखाली लागला.

"सांगितलं का अण्णाला?"

"सांगणार हाय."

"कवा?"

"बघू की. म्होरल्या..."

"त्येची लेकरं-बाळं म्होरल्या कवापत्तुर दम धरत्याल तेबी इचारून या," ती म्हणाली आणि भांडी घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी रविवार, लग्नाची तिथी जवळ आलेली, आणि दुकानात माकणीच्या एका घरचा बस्ता आला. बस्ता म्हणजे काही नुसती खरेदी नव्हे. नवरीच्या शालूपासून लांबच्या मावळणीच्या मानाच्या लुगड्यापर्यंत सगळं एका बैठकीत, आणि ती बैठक बसायला अख्खं गोत येतं. सव्वीस माणसं गादीवर बसली. मधोमध नवरीची आजी, दगडाबाई. ती हो म्हणाली तर साडी, तिनं नाक मुरडलं तर चिंधी.

महारुद्र मनात म्हणाला, आज दाखवतो. मध्ये लुडबुडायला कुणी नाही, पसारा करायला कुणी नाही. त्यानं काठ दाखवले, पोत दाखवला, रंग पक्का असल्याची शपथ घेतली. चार तास. म्हातारीचं तोंड मिटलेलं ते मिटलेलं. मग एकदाची बोलली, ती गादीवर बोट आपटत, जात्यावरच्या चालीत:

"काठ पाह्यला बाई, पाह्यला पदर,
नेसणारीच्या मनात येगळंच घर."

सगळे हसून महारुद्राकडं बघायला लागले. म्हातारीनं ओवी टाकली होती, आता दुकानदारानं उचलायची होती. इथं सिद्धाराम असता तर लोळता लोळता उठून बसला असता, 'आज्जे, घर बांधाय माप घिऊ का' असं काहीतरी बडबडला असता, आणि तासभर दोघांनी एकमेकांना ओव्या मारल्या असत्या. तेवढ्यात बाकीच्या बायांनी साड्या निवडून टाकल्या असत्या. महारुद्रानं खूप आठवून बघितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "ह्येचा काठ पाच इंची हाय."

"असंल बाबा," दगडाबाई म्हणाली. "तो लोळणारा कुठाय तुमचा? मागल्या साली थोरलीच्या बस्त्याला हुता की. गोड हुतं ते लेकरू. काम काय करीत न्हवतं, पर गोड हुतं."

बस्ता झाला, पण निम्म्या साड्या त्यांनी तुळजापूरला बघू म्हणून सोडल्या. माणसं गेली आणि गादीवर गुडघाभर उलगडलेल्या साड्यांत महारुद्र एकटा उभा राहिला. सिद्धाराम त्याच्या डोळ्यापुढं चांगला माणूस व्हायला लागला होता, आणि याचा त्याला राग आला. तो काही चांगला बिंगला नव्हता. त्याच्या घड्या नऊ वर्षं आपण घातल्या. पण झोपला होता आपण. या दोन गोष्टी त्यानं मनात एकीवर एक ठेवून बघितल्या. काठाला काठ काही जुळेना.

तो गल्ल्यापाशी गेला. "अण्णा, मंगळवारी माळ्यावर म्या झोपलो हुतो."

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "महारुद्र, तुझं मन लई मोठं हाय. पर कामचोराला असं पाठीशी घालू ने."

"पाठीशी न्हवं अण्णा, ती पाठच माझी हाय."

"बस, बस. नऊ वर्षं बघतोय म्या तुला. तू कॅमेऱ्याखालनं हालत न्हाईस."

स्वतःच्या चांगुलपणाचा इतका वैताग महारुद्राला आजवर कधी आला नव्हता. घड्या घालून घालून त्यानं आपल्या नावाची अशी कडक घडी घातली होती, की आता ती उलगडायला कुणी तयार नाही. "तुमी मोबाइल उघडून ठिवा," तो म्हणाला. "म्या वर जाऊन तसाच पडून दावतो. दोन्ही पाठी शेजारी शेजारी बघा, मग बोला."

तो माळ्यावर गेला. परकरांचे गठ्ठे सारखे केले, चपला काढून ठेवल्या, टॉवेल डोक्यावर घेतला, भिंतीकडं तोंड केलं. अण्णांनी नीट बघावं म्हणून अजिबात न हलता पडून राहिला. पाच तास उभं राहून पाय ठणकत होते. खिडकीतून तोच बारीक वारा येत होता.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. शेजारच्या गठ्ठ्यावर अण्णा बसले होते, हातात मोबाइल, बाजूला निवलेला चहा.

"पटलं," अण्णा म्हणाले. "तीच पाठ. घोरतोस बी लई. खाली गिऱ्हाईक इचारीत हुतं, गिरण सुरू केली का म्हणून."

महारुद्र उठून बसला. टॉवेलची घडी घालायला लागला.

"न्यायानं तुलाबी काढाय पायजे," अण्णा म्हणाले. "पर दोघंबी गेलं तर त्या खालच्या साड्या काय म्या घडी घालू? फोन लाव त्येला. आन माझ्यासमोर लाव."

महारुद्रानं फोन लावला. पलीकडं बराच वेळ वाजत राहिला.

"सिद्ध्या, म्या अण्णाला सगळं खरं सांगितलं. तो म्या हुतो."

"मला ठावं हाय की," सिद्धारामचा आवाज नेहमीसारखाच, उशीतून आल्यागत. "फोटूत चपला जोडीनं ठिवल्या हुत्या, टाच टाचेला लावून. झोपताना चपला वळीत ठिवणारा ह्या दुकानात दुसरा कोण हाय?"

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? झोपलो न्हाय अण्णा, जत्रंत कुस्त्या बघत हुतो, असं? झोपणाऱ्याला तरी दुकानात हुता म्हणता येतं."

अण्णांना हे ऐकू गेलं असावं. त्यांनी डोळे मिटून घेतले. महारुद्राला वाटलं होतं की आता छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरलाही, आणि त्या रिकाम्या जागेवर जुना राग कसा हक्कानं येऊन बसला. नऊ वर्षांचा, ओळखीचा, आपला राग. त्याला एकदम भूक लागली.

"अण्णा म्हणत्यात, उद्या सकाळी कामावर ये."

पलीकडं सिद्धारामनं एक लांबलचक जांभई दिली.

"उद्या न्हाय जमायचं रुद्रा," तो म्हणाला. "परवा येतो."