शहागडच्या चढावर अडलेली घरगाडी

मित्रांनो, शहागडला हमरस्त्याच्या कडेला मच्छिंद्र मिस्त्रींचे गॅरेज आहे. त्याच्या मागच्या भिंतीला, झिजलेल्या टायरांच्या ढिगाशेजारी, मी एक जुना नऊ फुटी लोखंडी दांडा टेकून उभा असतो. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला जोडून ओढत नेण्याला आमच्याकडे टोचन म्हणतात. त्याच कामाचा म्हणून माझेही नाव टोचन पडले.

माझा जन्म १९८१ सालचा, जालन्याचा. मोडीत निघालेल्या बोअरच्या यंत्राचा जाड नळ मिस्त्रींनी विकत घेतला आणि दिवसभर वेल्डरपाशी बसून त्याच्या दोन्ही टोकांना जाडजूड कड्या जोडून घेतल्या. शेजारी उभ्या माणसाने विचारले, "दोर असताना हे कशाला?"

मिस्त्री म्हणाले, "दोर नुसता वढतो. हा वढतो बी अन् आडवतो बी."

त्याचा अर्थ मला पहिल्याच उतारावर कळला. पुढची गाडी थांबली की दोर सैल पडतो आणि मागची गाडी तिच्यावर जाऊन आदळते. मी मात्र मध्ये छाती लावून उभा राहतो.

दहा वर्षांत मी उसाचे ट्रक ओढले, वऱ्हाडाच्या जीपा ओढल्या. दसऱ्याला मिस्त्री मला धुऊन हळद-कुंकू लावत. पुढे झटपट दोर बांधून गाड्या नेणारे वाढले आणि मी मागच्या अंगणात पडून राहिलो. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. एकदा कोणीतरी ट्रक उचलायला मला पहारीसारखे वापरले. तेव्हा माझ्या एका कडीच्या मुळाशी बारीक तडा गेला. त्यावर चिखल वाळला, गंज चढला. तडा दिसेनासा झाला, पण मला तो रात्रंदिवस जाणवत होता.

१९९२ सालच्या उन्हाळ्यात, दुपारी, एक माणूस गॅरेजसमोर एका जाणाऱ्या ट्रकमधून उतरला. त्याच्या दोन्ही हातांना ओले फडके गुंडाळलेले होते.

"मिस्त्री, आमचं घर रस्त्यात हुभं हाय," तो म्हणाला.

त्याचे नाव राधाकिसन. तो जत्रांमधून आठ डोल्यांचा पाळणा लावत असे. एका जुन्या बसमधल्या सीटा काढून त्याने तिचे घर केले होते. आत बाजा, स्टोव्ह, भांड्यांची फळी, देवाचा फोटो. पाळण्याचे सगळे लोखंड टपावर. राजूरला अंगारकीच्या गर्दीत पाळणा लावायचा म्हणून तो, त्याची बायको जयवंताबाई आणि म्हातारी आई झुंबरबाई बीडकडून निघाले होते. नदीच्या पलीकडे इंजिन तापून बंद पडले. राधाकिसनने घाईने रेडिएटरचे झाकण उघडले आणि उकळते पाणी दोन्ही हातांवर उडाले.

मिस्त्रींनी मला उचलून आपल्या ट्रकमध्ये टाकले. दीड वर्षाने मला काम मिळाले होते. पण मित्रांनो, मला आनंद झाला नाही. मी थरथरत होतो. ट्रकचे हादरे म्हणून कोणाच्या ते लक्षात आले नाही.

घरगाडी उतारावर उभी होती. चाकांखाली दगड लावलेले. खाली गोदावरीचा लांबलचक पूल आणि त्यापलीकडे शहागडकडे जाणारा चढ. मोठमोठे ट्रक अगदी खेटून जात आणि प्रत्येक वेळी घरगाडीतली भांडी वाजत. संपत नावाचा एक ट्रकवाला थांबला होता.

"दोर हाय माझ्याकडं. धा मिन्टात पोचवतो," तो म्हणाला.

"बिलकुल न्हाई," मिस्त्री म्हणाले. "इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा बंद. हवा न्हाई तर पायातला ब्रेक मेला. उतारावर दोर काय करंल?"

संपत खांदे उडवून निघून गेला. मिस्त्रींनी घरगाडीखाली शिरून इंजिनाकडून चाकांकडे जाणारा फिरता दांडा सोडवला, म्हणजे ओढताना गिअर खराब होणार नाहीत. आता तिला थांबवायला फक्त हाताचा ब्रेक उरला होता आणि तोही म्हातारा.

"स्टेअरिंगवर कोन बसंल?" त्यांनी विचारले. "मी फुडं ट्रकवर. यांचे हात तर असे."

"मी बसते," जयवंताबाई म्हणाली. "जत्रंच्या मैदानात मीच फिरवते."

"वैनी, मैदान येगळं अन् पूल येगळा."

"ठावं हाय मला. म्हून तर जीव खालीवर व्हतोय. पन दुसरं कोन हाय?"

ओढताना आत दुसरे कोणी बसायचे नाही, असे मिस्त्रींनी बजावले. झुंबरबाई बाज सोडेना. "मी माझ्या घरातून का उतरू? पडलं तर घरासंगं पडंन."

जयवंताबाई तिच्यासमोर बसली. "आत्याबाई, तुम्ही मागं बसल्या तर माझं ध्यान मागंच राहीन. मला फुडं बघायचंय."

म्हातारी उतरली आणि ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसली.

मिस्त्रींनी मला फडक्याने पुसले, पण वरवर. सूर्य कलत होता, घाई होती. माझ्या तड्यावरचा चिखल तसाच राहिला. आता ही बाई उतारावर माझ्या भरवशावर बसणार आणि मी मध्येच तुटणार, या भीतीने मी आतून गार पडलो.

तेवढ्यात जयवंताबाईने माझ्यावर हात ठेवला. ती हात फिरवत हळूहळू माझ्या टोकापर्यंत आली, कडीपाशी थांबली आणि नखाने चिखल खरवडला.

"दादा, हे तडकलंय."

मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. "अकरा वर्सं झाली, बाई. कवाच दगा न्हाई दिला त्यानं."

"रोज सकाळी पाळन्याची कडीन् कडी हातानं बघते मी. मंगच लेकरं बसू देते. हे तडकलंय."

मिस्त्रींनी हातोडीने ठोकून पाहिले. माझा आवाज बद्द आला. त्यांचे तोंड उतरले. त्यांनी मला ट्रकमध्ये घातले, पूल ओलांडून गॅरेजला नेले, तड्यावर जाड पट्टी बसवून वेल्डिंग केले आणि तासाभरात परत आणले. तोवर जयवंताबाईने टपावरून पाळण्याचा साखळदंड खाली काढून ठेवला होता.

"हा बी बांधा," ती म्हणाली. "लागला तर लागला."

मिस्त्रींनी मला दोन्ही गाड्यांना खिट्ट्यांनी जोडले आणि माझ्या बाजूने साखळदंडही एका गाडीपासून दुसरीपर्यंत बांधला. थांबायचे असेल तर हॉर्न दोनदा, असे ठरले. दगड काढले, राधाकिसन केबिनमध्ये आईशेजारी चढून बसला. ट्रक सायकलच्या चालीने निघाला.

दोन गाड्यांच्या मध्ये होतो म्हणून मला जयवंताबाईचा चेहरा समोरच दिसत होता. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. घरगाडीचे सारे ओझे माझ्या छातीवर आले. पुलाच्या तोंडाशी एक मेंढरांचा कळप रस्त्यात घुसला. मिस्त्रींनी ब्रेक दाबला. घरगाडी मला पुढे रेटू लागली. पट्टी करकरली. जयवंताबाईने पाय टेकून, दोन्ही हातांनी हाताचा ब्रेक ओढला. मी वाकलो नाही. कळप गेला. मेंढक्याने हात वर केला, पण जयवंताबाईला हात हलवणे जमले नाही.

पूल संपला. शहागडचा चढ लागला. मिस्त्रींनी केबिनमधून हात बाहेर काढून 'झालंच' अशी खूण केली. मलाही वाटले, वाचलो.

आणि माझी दुसरी कडी तुटली.

मित्रांनो, त्या टोकालाही तडा होता. तो मलासुद्धा ठाऊक नव्हता. पहिल्या टोकाची कळ इतकी होती की दुसरीकडे माझे लक्षच गेले नव्हते. माणसांचेही तेच झाले. एक तडा सापडला आणि सगळ्यांनी शोधायचे थांबवले.

घरगाडी मागे सरली. मागे पुलाचा कठडा, खाली नदीचे पात्र. हॉर्न दोनदा वाजला, मग वाजतच राहिला. साखळदंड खणकन ताणला गेला आणि तटतटत थांबला. मी एका टोकाने ट्रकला लोंबकळत, रस्त्यावर घासत, वर पाहत होतो. एकेक कडी ताठ झाली होती. ज्या साखळीने लेकरांचा पाळणा बांधला जाई, ती आता एक अख्खे घर धरून होती.

राधाकिसनने केबिनमधून उडी मारली. हात कामाचे नव्हते. रस्त्याकडेचा दगड त्याने पायाने ढकलत ढकलत चाकामागे आणला. मग दुसरा. मिस्त्री ट्रकला ब्रेक लावून धावत आले आणि त्यांनी दगड घट्ट बसवले.

"वैनी, सोडू नका!"

"न्हाई सोडत," आतून आवाज आला. तो रडका होता, पण स्पष्ट ऐकू आला.

उरलेला चढ साखळदंड दुहेरी करून काढला. दर चार हातांवर थांबायचे, दगड लावायचे, पुन्हा निघायचे. गॅरेजसमोर गाडी सपाटीवर आली तेव्हा दिवे लागले होते. जयवंताबाई उतरेना. तिची बोटे स्टेअरिंगवरून सुटत नव्हती. झुंबरबाई वर चढली आणि तिने सुनेची बोटे एकेक करून उघडली.

"आलो घरी," म्हातारी म्हणाली.

मिस्त्रींनी माझे तुटके टोक हातात घेतले. "बाई, तुम्ही दाखवलं तेवढंच म्या पाहिलं. दुसरं टोक बघाया काय झाल्तं मला?" दोन दिवसांत इंजिन दुरुस्त झाले. अंगारकीला राजूरच्या गर्दीत पाळणा फिरला, असे नंतर कोणीतरी गॅरेजात सांगितले.

त्या दिवसापासून मी ओढायचे काम केले नाही. मिस्त्रींनी नवा दांडा केला. त्याला ते दर महिन्याला रॉकेलने धुतात, दोन्ही टोकांवर हातोडी मारून कान लावतात आणि साखळी जोडल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी मुकाट्याने ओझे वाहणारी लोखंडे असतील. झोपाळ्याची कडी असेल, सायकलचा ब्रेक असेल, विहिरीचा रहाट असेल. त्यांना उघड्यावर टाकू नका, भलत्या कामाला जुंपू नका. आणि कोणी हात लावून "हे तडकलंय" म्हणाले, तर रागावू नका. घाई बाजूला ठेवा, खाली बसा आणि एक तडा सापडला तरी पुढे बघत राहा.