शेवटच्या वळणावर रोखलेली दुर्बीण

मित्रांनो, आधी मला गरगर फिरवणे थांबवा, म्हणजे बोलता येईल. मी एक जुनी दुर्बीण आहे. डोंगरमाथ्यावरच्या या कठड्यापाशी लोखंडी खांबावर मला बसवले आहे, पण स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही. एक जण तळे शोधतो, दुसरा मला ओढून स्वतःचे घर शोधू लागतो, आणि तिसऱ्याला घाई सुटलेली असते. कोणतीही गोष्ट पुरती पाहून झाली असे मला आठवतच नाही.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. एक चष्मेवाले आजोबा ओल्या फडक्यावर माझी भिंगे तासन्‌तास घासत. शेवटचा स्क्रू त्यांच्या सुनेने बसवला आणि मला खिडकीत धरून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पाहिले. शेजारणीच्या सदऱ्याचे तुटलेले बटण दिसल्यावर ती समाधानाने म्हणाली, "पास." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

तिथून मी इथे आले. माझ्या मागे जो अवाढव्य दगडी पक्षी बसला आहे, तो संपाती. त्याला बघायला माणसे धापा टाकत डोंगर चढतात, आणि पहिला प्रश्न एकच विचारतात, याचे पंख कुठे गेले? उत्तर द्यायला इथला रखवालदार होता. संपाती आणि जटायू हे भाऊ. दोघे सूर्याकडे झेपावले. धाकटा जटायू उन्हाने होरपळू लागला तेव्हा थोरल्याने त्याच्यावर आपले पंख पसरले. धाकटा वाचला, थोरल्याचे पंख जळाले. मग तो डोंगरावर पडून राहिला, पण नजर शाबूत होती. सीता कुठे आहे, ते पुढे त्यानेच दुरून पाहून वानरांना सांगितले. रखवालदार ही गोष्ट इतकी छान सांगे की बायका डोळे पुसत.

मला मात्र ती ऐकताना राग येई. कारण हा गृहस्थ स्वतःच्या धाकट्या भावाशी कित्येक वर्षे बोलत नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

झाले होते असे. डोंगरावर माणसे आणणारी छोटी बस पूर्वी हा रखवालदार, म्हणजे थोरलाच, चालवत असे. याच पटांगणात तो धाकट्याला गाडी मागे घ्यायला शिकवत होता. स्वतः मागे उभा राहून हात दाखवत होता. धाकट्याचा पाय चुकला, आणि थोरल्याचा पाय गाडी आणि भिंत यांच्यात सापडला. साहेबांनी विचारले तेव्हा थोरला म्हणाला, मीच घसरलो. म्हणून धाकट्याची नोकरी टिकली. लंगड्या थोरल्याला रखवालीचे काम मिळाले. पण त्या दुखण्यात एकदा तो धाकट्याला बोलून गेला, "पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर गाडी चालवू नकोस."

धाकट्याने ते शब्द गाठीला बांधले. तेव्हापासून तो बस पटांगणापर्यंत आणीचना. अलीकडच्या वळणाआडच माणसे उतरवी. पोरे कडेवर घेऊन चढणारे लोक त्याच्या नावाने खडे फोडत आणि तो मान खाली घालून ऐकून घेई. दोघे राहत एकाच घरात. मीठ हवे असले तरी निरोप वहिनीमार्फत जाई. ती एकदा इथे डबा घेऊन आली तेव्हा वैतागून म्हणाली होती, "तुमच्या दोघांचे निरोप पोचवून माझी जीभ झिजली हो."

आता गुपित सांगते. संध्याकाळी शेवटची माणसे उतरली की थोरला माझ्याकडे येई. मला खाली वळवून तो गाडीमागे एकेक वळण फिरवत नेई आणि पायथ्याच्या शेवटच्या वळणावर रोखून धरी. गाडी तिथून सुखरूप बाहेर पडून सपाट रस्त्याला लागली की एक लांब श्वास सोडी, मगच मला झाकण घाली. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ मी एका गोष्टीकडे नीट पाहत असे. पण माझाही जीव तेव्हा टांगणीला लागलेला असे. हे फक्त वहिनीला ठाऊक होते, आणि कुणाला सांगायचे नाही अशी तिला शपथ होती.

पुढे माझे दिवस फिरले. लोकांच्या खिशात फोन आले, त्यांना दूरचे पाहण्यापेक्षा स्वतःचेच फोटो हवेसे झाले. माझे झाकण वाऱ्याने दरीत गेले. थोरल्याने वर कळवले, वरून हो हो आले, झाकण काही आले नाही. ओल आत शिरली. खांबाचा खटका गंजला, आणि डोळा लावतात त्या बाजूच्या आतल्या भिंगावर बुरशीचा डाग धरला. डाग हळूहळू वाढला, म्हणून थोरल्याच्या लक्षात आला नाही. त्याला वाटे, आपलीच नजर अधू होत चालली आहे.

मग ती संध्याकाळ आली. जन्मभर गरगर फिरलेली मी नेमकी त्या वेळी शेवटच्या वळणावर अडकून बसले. गाडी वळणात शिरलेली दिसली, बाहेर पडलेली दिसेना. थोरल्याने भिंग सदऱ्याने पुसले, पुन्हा पाहिले, मला हिसके दिले. मी हलेना. बाहेर पडायच्या जागेवर माझा डाग बसला होता, आणि ते त्याला सांगायला मला तोंड नव्हते. मित्रांनो, इतकी तडफड मी कधी अनुभवली नाही.

त्याने घरी फोन लावला. "अगं, गाडी वळणातून बाहेरच आली नाही," एवढेच म्हणाला, फोन माझ्या खांबावर ठेवला आणि काठीसुद्धा न घेता उतारावरून लंगडत निघाला. मागे फोन वाजतच राहिला. घ्यायला कोणी नव्हते. अंधारून आले. मी त्याच आंधळ्या वळणाकडे पाहत राहिले.

आणि अचानक पटांगणात उजेड पडला. बस थेट वर आली होती, कठड्यापर्यंत! धाकटा खाली गाडी धूत असताना वहिनीने फोनवर शपथ मोडून त्याला सगळे सांगितले होते. वाटेत थोरला भेटला, त्याला गाडीत घालून तो फोन न्यायला वर आला होता.

उतरल्या उतरल्या धाकट्याने गाडीच्या उजेडात मला डोळा लावून पाहिले.

"दादा, आत डाग आहे. मी रोजच्यासारखाच बाहेर पडलो होतो."

थोरला कठडा धरून उभा होता.

"तूच म्हणाला होतास, डोळ्यांसमोर गाडी चालवू नकोस," धाकटा म्हणाला.

"म्हणालो होतो. पण मी डोळे मिटून घेईन असं कुठं म्हणालो?"

धाकटा रडला. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग आवाज चढवून म्हणाला की गाडी पटांगणात तिरकी लावली आहेस, आधी सरळ कर. मागे उभा राहून त्यानेच हात दाखवला.

आता बस रोज वर येते. शेवटच्या फेरीला थोरला पुढच्या सीटवर बसून धाकट्याला नको तितक्या सूचना देत खाली जातो, त्यामुळे वळणावर रोखायला मी कुणाला लागत नाही. डाग थोडा निघाला, थोडा राहिला.

मित्रांनो, दूरचे दाखवणाऱ्याच्या जवळ जाऊन कधीतरी पाहत जा. त्याला पुसा, झाका. तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे घरात कुणी असेल, तर पोचल्यावर त्याला तोंडाने सांगा. त्याला दुर्बिणीच्या भरवशावर सोडू नका.

धाकट्याने जुन्या टायरच्या रबराचे झाकण मला करून दिले आहे. निघताना ते थोरला घट्ट बसवतो आणि मला काही दिसेनासे होते. तरी मी स्वस्थ होत नाही. गाडीचा आवाज वळणावळणाने खाली जातो, तो मी ऐकत राहते. सपाट रस्त्यावर तो बदलला, की मगच मी झोपते.