चिठ्ठी नसलेले डबे

पॉलिशवाल्याच्या कारखान्यात एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. स्पिरिट, टर्पेंटाइन, थिनर, सगळं पाण्यासारखं आणि सगळं एकसारख्या पत्र्याच्या डब्यांत. नावं लिहा म्हणून बायकोने वीस वर्षं टुमणं लावलं होतं, पण गडी ऐकेल तर शपथ! "माझं नाक काय फक्त चष्मा ठेवायला दिलंय?" असं म्हणून तो झाकण उघडायचा, एकदा हुंगायचा आणि नेमका हवा तो डबा उचलायचा. वडीलही याच धंद्यातले, त्यांचंही असंच. घराण्याचा माज म्हणा ना.

त्या दिवशी चारला बेटावर जाणारी शेवटची बोट होती. साथीमुळे दुसऱ्या दिवसापासून बेटाचा धक्का बंद होणार होता. बेटावर त्याची धाकटी बहीण राहायची आणि तिच्याकडे आई, आता दोन-चार दिवसांची सोबती. बेटावर अजून एकही रुग्ण नव्हता. होता एक डॉक्टर आणि घरोघरी म्हातारी माणसं. म्हणून तर त्याने आठ दिवस नुसता घोळ घातला. जावं तर धास्ती, न जावं तर जन्मभराची टोचणी. शेवटी परवा तपासणी केली आणि काल रिपोर्ट आला: संसर्ग नाही. तो कागद घडी घालून खिशात ठेवला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

बॅग भरून झाली तरी बोट सुटायला दोन तास होते. रिकामे हात त्याला सोसेनात, म्हणून परत आल्यावर लागेल तेवढं पॉलिश भिजत घालायला तो कारखान्यात बसला. बरणीत लाख घातली, सवयीने डबा हुंगला, ओतला, ढवळलं. लक्ष सगळं घड्याळाकडे. अर्ध्या तासाने पाहतो तर लाखेचे पापुद्रे होते तसेच, टणक. स्पिरिटमध्ये एव्हाना ते मऊ पडून रंग सुटायला हवा होता.

"लाख जुनी असेल," तो पुटपुटला.

तेवढ्यात बायको दाराशी आली आणि तिने तोंडावर हात दाबला. "अहो, केवढा हा टर्पेंटाइनचा भपका! डोळे चुरचुरले माझे."

त्याने बरणी नाकाशी नेली. काही नाही. दुसरा डबा उघडला, मग तिसरा. सगळ्यांना पाण्याचा वास, म्हणजे कसलाच नाही. वास जाणं हेही या रोगाचं लक्षण आहे, हे त्याने कालच रेडिओवर ऐकलं होतं.

"मागे सर! आत येऊ नकोस," तो खेकसला.

तिला कळलं.

"सर्दी असेल," ती म्हणाली.

"सर्दी नाही."

"मग रिपोर्ट आहे ना खिशात? धक्क्यावर कागद बघतात, ताप मोजतात. नाकाचं कोण विचारतंय? लांबून बघा आणि या. नाहीतर जन्मभर कुढत बसाल, मी काय ओळखत नाही तुम्हाला?"

खरंच कोणी विचारणार नव्हतं. पावणेतीन झाले होते. त्याला जायचं होतं, इतकं की बॅगेचा पट्टा त्याने खांद्यावर चढवलासुद्धा. मग बोटीची ती बंद केबिन आठवली, बहिणीची पोरं आठवली, तो एकटा डॉक्टर आठवला.

"रिपोर्ट परवाच्या नाकाचा आहे," तो म्हणाला आणि बॅग खाली ठेवली.

बहीण फोनवर फाडकन बोलली. "आठ दिवस विचार करत बसलास दादा, आणि बोट सुटायच्या वेळी सांगतोस? ती सारखी विचारते, आला का, आला का. काय सांगू मी तिला?"

"ओळखते का अजून?" त्याने कसंबसं विचारलं.

"दिसत नाही फारसं. वास तेवढा कळतो. काल शेजारी दार रंगवत होते, तर म्हणाली, हे आले वाटतं कामावरून."

गेल्या महिन्यात, या आजाराच्या आधी, त्याने पॉलिशची एक लहान डबी भरून बंद केली होती; तीच आईकडे पाठवायचं त्याने ठरवलं. फळीवर तशाच नऊ डब्या होत्या, पॉलिशच्या, वॉर्निशच्या, तेलाच्या, सगळ्या बिनचिठ्ठीच्या. तो अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. हातमोजे घालून बायको आत गेली आणि एकेक झाकण उचकटून हुंगू लागली. वीस वर्षं त्याचे शर्ट तिनेच धुतले होते. पाचव्या डबीला ती थांबली.

"ही," ती म्हणाली. डबी घट्ट लावून तिने स्पिरिटने पुसली आणि धक्क्यावरच्या बाकावर नेऊन ठेवली. तिथून ती बोटीवरच्या खलाशाने उचलली.

साडेसहाला फोन आला. बहिणीने फोन आईच्या उशाशी ठेवल्याचं कळलं, मग डबीचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"आलास?" आई म्हणाली. "हात धू आधी."

"हो आई," तो म्हणाला. मग फोन तसाच नळाजवळ नेऊन त्याने नळ सोडला.