ठिपका सरकला

फोन वाजला तेव्हा राजेश्रीचा डावा हात कोपरापर्यंत म्हशीच्या आत होता. सेलू सोडून तीन-चार किलोमीटरवरची वस्ती, दुपारचे दोन, वर तापलेले पत्रे. काम उरकून तिने लांब हातमोजा काढला आणि तिसऱ्यांदा वाजणारा फोन घेतला.

पलीकडून बसप्पा सर हसत होते.

"राजेश्री... सरकला. ठिपका सरकला बघ."

सरांचं असं हसणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. सेलूच्या शाळेत त्यांनी तिला तीन वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्या तीन वर्षांत ते दोनदा हसले असतील, तेही ओठ मिटून.

"किती सरकला, सर?"

"तीन... तीन आन्... थांब. काय म्हणलो मी?"

आणि पुन्हा हसू. शब्द जड येत होते, जिभेला गूळ चिकटल्यासारखे.

सर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याकडे, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. लांब आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, त्याची थरथर इथवर येते आणि डोंगर, माती, माणूस, सगळ्यांतून आरपार निघून जाते. तिला काही म्हणता काही अडवत नाही. पण सरांच्या वाचनात एक लेख आला होता. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. हे अतिवाहक कदाचित ही लहर आरशासारखी परत फिरवत असतील, असं कुणीतरी गणित मांडलं होतं. प्रत्यक्षात कुणी पाहिलं नव्हतं.

"कुणी बघितलं न्हाई, तर आपण बघू," सर म्हणाले होते.

सेलूतल्या घरामागच्या कोठीत त्यांनी केसाएवढ्या तारेवर काचेची कांडी टांगली. कांडीला इवलासा आरसा, आरशावर लेझर, आणि समोरच्या भिंतीवर आलेखाच्या कागदावर लाल ठिपका. एका बाजूला मोटरीवर शिशाचे दोन गोळे गरगर फिरायचे आणि त्यांच्या ओढीने कांडी, तिच्यासोबत ठिपकाही, किंचित हलायचा. गोळे आणि कांडी यांच्या मध्ये अतिवाहकाची काळी चकती उभी. ती गार पडली की ठिपक्याचं हलणं बदलतं का, एवढंच पाहायचं होतं. ती गार करायला द्रव नायट्रोजन लागायचा आणि तो राजेश्रीकडे होता. ती गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायची. वळूचं वीर्य टिकवायला नायट्रोजनचे कंटेनर तिच्या घरी भरलेले असायचे. आठवड्याला तीन लिटर ती सरांना देऊन यायची.

मग सरांनी पुण्यातल्या एका जाणकाराला पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. या लहरी इतक्या क्षीण असतात की असं काही दिसणं शक्य नाही. तुमचा ठिपका वाऱ्याने हलत असणार. सरांना ते झोंबलं. त्यांनी कोठीच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि या खेपेला वीस लिटरचा भरलेला कंटेनर मागितला. आज सकाळी राजेश्रीने तो पोचवला होता. खिडकीवरची पट्टी तिला दिसली होती. दिसली, आणि तरी ती चहा पिऊन निघून आली होती.

आता फोनवर ते हसू ऐकताना तिला ती पट्टी आठवली. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एका लिटरचा सातशे लिटर वायू होतो. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. बंद जागेत तो हवेला बाहेर ढकलतो आणि आतल्या माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस हसतो, बरळतो, आडवा होतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच पडतो.

"सर, उठा! दार उघडा!"

"दार? न्हाई... वारं येतं..."

स्टूल पडल्याचा आवाज आला. त्यानंतर फोनमध्ये नुसती मोटर घरघरत राहिली.

तिने सरांच्या बायकोला, गंगम्माकाकूंना, फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला.

"काकू, कोठीची खिडकी फोडा. बाहेरून फोडा. आत जाऊ नका!"

"आगं, येडी का खुळी? त्यांनी आतून कडी लावलीय. मोडतोड झाली तर लय चिडतेत ते."

"चिडू द्या! काकू, सर मरायलेत तिथं!"

स्कूटी तिने कशी हाणली ते तिला नंतर आठवलं नाही. एकच आठवलं, की ती मोठमोठ्याने श्वास घेत होती, जणू सरांच्या वाटचाही तिलाच घ्यायचा होता.

ती पोचली तेव्हा खिडकीची काच फुटलेली होती आणि काकूंच्या हातात वरवंटा तसाच होता. शेजारच्या लिंबाजीने पहारीने दार उचकटलं होतं. राजेश्रीच्या पायांवरून गार झुळूक गेली. मे महिन्याच्या दुपारी तिच्या अंगावर काटा आला.

खोली अगदी खोलीसारखी दिसत होती. मोटर फिरत होती, भिंतीवर लाल ठिपका थरथरत होता, आणि दारापासून सहा-सात फुटांवर सर पालथे पडले होते, पाय दाराकडे करून.

लिंबाजीने पाऊल उचललं. तिने मागून त्याचा सदरा धरला.

"खिडकी फोडली तरी गार वायू तसाच हाय. आत हवा न्हाई, दादा!"

"सोड! समदं लख्ख दिसायलंय की! कुठं धूर हाय का काय हाय?"

"दिसत न्हाई, म्हणून तर! दोन पावलांत पडताल तुमी."

काकू तिच्यावर धावून आल्या. "माझा माणूस हाय त्यो! हो बाजूला!"

राजेश्री दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी राहिली. काकूंचे गुद्दे तिच्या पाठीवर पडत होते. आपण चुकत असलो तर? एवढ्या वेळात आत जाऊन सरांना ओढून आणता आलं असतं तर? खोलीकडे पाहिलं की तिचंही मन म्हणायचं, जा, काही नाही तिथं.

"लिंबाजीदादा, डिकीतला दोर आणा! म्हशीचे पाय बांधायचा!"

तिने फासा केला आणि उंबऱ्याबाहेरून फेकला. पहिला सरांच्या पाठीवर पडला, दुसरा भिंतीला लागला. तिसऱ्यांदा तो पावलावरून सरकून घोट्यात बसला. तिघांनी मिळून ओढलं. सरांचं तोंड फरशीवर घासत आलं. ओठ जांभळे, डोळे अर्धवट उघडे, छाती थंडगार.

नुकत्याच जन्मलेल्या वासरांच्या नाकात तिने कितीदा फुंकर घातली होती. तेच तिने केलं, मग छाती दाबली, पुन्हा फुंकर. काकू गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून नुसत्या बघत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सरांच्या घशातून फाटक्या भात्यासारखा आवाज निघाला आणि ते श्वास ओढू लागले.

परभणीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते नीट बोलले. आधी वही मागितली. राजेश्रीने ती आणली होती. दुपारी एकपर्यंतच्या नोंदी नेहमीच्या टपोऱ्या अक्षरांत होत्या. मग ओळी उतरत गेल्या. 'ठिपका सरकला' हे वाक्य एकाखाली एक, दोन पानं भरून, आणि शेवटी अक्षरंच नव्हती, नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा.

सरांनी पान उलटलं. मग पुन्हा मागचं काढून ते अक्षरं ताडून बघू लागले. राजेश्रीने त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे मी लिवलंय?"

"हो, सर."

"मला एकबी आठवत न्हाई. म्हणजे ठिपका सरकला, का माझं डोकं?"

तिने वही त्यांच्या हातातून काढून उशाशी ठेवली. तिला तरी काय माहीत असणार?

ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा बघावं लागंल. फक्त एकदा. तू आणून दे."

"न्हाई, सर."

"खिडकी उघडी ठेवतो."

"वाऱ्यानं ठिपका हलंल. मग तुमी परत लावून घेताल."

सरांनी नजर चोरली. तेव्हा तिला कळलं की तिचं म्हणणं खरं आहे. कोठीच्या दारात वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या घडीला वाटली. घरी जायच्या आधी तिने नायट्रोजनच्या गाडीवाल्याला, जिंतूरच्या आणि पूर्णेच्या ओळखीच्या रेतन करणाऱ्यांना, सगळ्यांना फोन करून सांगितलं: बसप्पा सरांना थेंबभरही द्यायचा नाही, ते काहीही म्हणोत. काकूंनी सुताराला बोलावून कोठीचं दार आणि खिडकी चौकटीसकट काढून टाकली.

सर महिनाभराने घरी आले. त्यांना सगळं समजलं. तेव्हापासून ते राजेश्रीशी बोलत नाहीत. मोंढ्याच्या बाजाराकडच्या रस्त्याला दिसले की तोंड फिरवून पलीकडच्या बाजूने जातात. ती स्कूटी थांबवते आणि ते वळणाआड होईपर्यंत बघत राहते. डावा पाय जरासा ओढत चालतात, पण चालतात.