तिसरी ‘ब’ची बाकं

विद्यापीठात त्यांना सगळे काकू म्हणत. वय सेहेचाळीस, आणि बरोबरची मंडळी पंचविशीच्या आतबाहेरची. दुसरं काय म्हणणार? पहिल्या दिवशी काकू वर्गात शिरल्या तेव्हा सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या बाई आल्या शिकवायला. काकू सरळ मागच्या बाकावर जाऊन बसल्या तेव्हा जो हशा पिकला, त्यात काकूंचंच हसू सगळ्यांत मोठं होतं.

मुलगी कॉलेजात जायला लागल्यावर वीस वर्षं ट्रंकेत पडलेली पदवी बाहेर काढून काकूंनी संशोधनाला नाव नोंदवलं. विषय होता, शाळेत मुलांना कसं वाटतं. घरी यजमान म्हणाले, “त्यात शोधायचं काय? कुणालाच बरं वाटत नाही.” काकूंनी हातातलं लाटणं न थांबवता सांगितलं, “तेच मोजायचंय. किती बरं वाटत नाही ते.”

ते दिवस स्टेन्सिलचे होते. काकूंनी स्वतः स्टेन्सिल कापून, बोटं निळी करून घेत अडीचशे फॉर्म काढले. फॉर्मच्या पुढच्या बाजूला सहा वाक्यं: मला शाळा आवडते, वर्गात माझे मित्र आहेत, अशी. मागच्या बाजूला सहा उलटी: मला वर्गात भीती वाटते, सोमवारी शाळेत यायच्या आधी माझ्या पोटात दुखतं. प्रत्येक वाक्यापुढे पाच गोल चेहरे, रडक्यापासून खदखदून हसणाऱ्यापर्यंत. वाक्य जितकं आपल्याला लागू, तितक्या हसऱ्या चेहऱ्यावर खूण करायची. ते चेहरे काकूंनीच काढले होते, नाणं ठेवून, आणि त्यांचा त्यांना अभिमान होता.

शाळा तीन मजली, गॅरेजांच्या गल्लीत. सहा वर्गांतून दोनशे बारा फॉर्म भरून आले. काकू स्टाफरूमच्या कोपऱ्यात चौकटीच्या मोठ्या तावावर आकडे उतरवू लागल्या. आधी सगळ्या पुढच्या बाजू, मग सगळ्या मागच्या, अशी त्यांची पद्धत. एकदा हात बसला की भराभर होतं. सगळ्या पुढच्या बाजू संपल्या त्याच दुपारी हेडसर डोकावले.

“काय म्हणतात आमची पोरं?”

“सर, तुमची तिसरी ब!” काकूंच्या तोंडून निघून गेलं. “अडतीस मुलं, आणि एकूणएक खूश. असा वर्ग मी पाहिला नाही.”

हेडसर तिथेच खुर्ची ओढून बसले. तिसरी बच्या बाई फार कडक, पण कामाच्या पक्क्या. त्यांच्या वर्गात एक रीत होती. दर शनिवारी वीस मार्कांची परीक्षा, आणि सोमवारी त्या मार्कांप्रमाणे बसायचं. पहिला नंबर खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर, शेवटचा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. इतर शिक्षक या रीतीवर नाकं मुरडत. हेडसरांना मात्र ती मनातून पटलेली होती. फक्त कोणीतरी तसं कागदावर म्हणायला हवं होतं.

“म्हणजे क्रमाने बसवलं की मुलं खूश राहतात,” ते म्हणाले.

“तसं अजून…” काकू म्हणेपर्यंत ते उठलेसुद्धा.

दोनच दिवसांनी फळ्यावर सूचना लागली. सहामाहीच्या सुट्टीनंतर सर्व वर्गांत मुलांना गुणानुक्रमे बसवण्यात येईल. खाली एक ओळ होती: ‘विद्यापीठाच्या संशोधनानुसार’. काकूंनी ती वाचली आणि त्यांना जरा भारीच वाटलं. खोटं कशाला बोला?

मग त्यांनी मागच्या बाजू उतरवायला घेतल्या.

बाकीच्या वर्गांत चेहरे मिसळलेले होते, जसे असायला हवेत. तिसरी बचा गठ्ठा आला. ‘मला वर्गात भीती वाटते’: खदखदून हसणारा चेहरा. ‘माझ्या पोटात दुखतं’: खदखदून हसणारा चेहरा. दुसरा फॉर्म तसाच. दहावा तसाच. अडतिसावा तसाच. कागदाप्रमाणे या वर्गाइतकी खूश मुलं कुठे नव्हती, आणि या वर्गाइतकी घाबरलेलीही कुठे नव्हती. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काही फरक पडला नाही.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिसरी बच्या बाईंना गाठलं. बाई वह्या तपासत होत्या.

“बाई, फॉर्म भरताना मुलांना काही सांगितलं होतंत का?”

“सांगितलं होतंत का काय विचारता, ताई? तीन दिवस सराव करून घेतला!” बाईंचा चेहरा खुलला. “तुम्ही गठ्ठा आदल्या आठवड्यात कपाटात ठेवून गेला होतात ना, त्यातला एक काढला आणि फळ्यावर चेहरे काढून दाखवले. शेवटचा चेहरा, शेवटचा चेहरा, असं घोकून घेतलं. एकाची खूण चुकली नाही ना?”

“नाही. एकाचीही नाही.”

“मग! माझा वर्ग आहे तो.”

काकूंना रागवावंसं वाटलं, पण कोणावर? या बाईंपुढे आयुष्यात जो कागद आला होता तो परीक्षेचाच होता. गठ्ठा उघड्या कपाटात कोणी ठेवला होता? भीतीपुढे हसरा चेहरा कोणी काढला होता? अर्धा कागद वाचून बढाई कोणी मारली होती? तिन्ही उत्तरं एकच होती.

त्या तशाच हेडसरांच्या खोलीत गेल्या. “सर, माझं चुकलंय. ते फॉर्म धरू नका.”

हेडसरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, त्या दिवशी आकडे होते. आज आकडे नाहीत, नुसतं तुमचं मन बदललंय. मी पालकांना काय सांगू, संशोधनाला पश्चात्ताप झाला म्हणून?”

“मी खरे आकडे आणून दिले तर?”

“सुट्टीआधी आणा. चार आठवडे आहेत. शिकवण्यात अडथळा नको, आणि त्या बाईंची संमती घ्या.”

विद्यापीठातल्या मॅडमचं म्हणणं आणखीच सरळ होतं. “अडतीस फॉर्म बाद करा, तळटीप टाका आणि महिनाअखेर प्रबंध सादर करा. एकशे चौऱ्याहत्तर पुरेत. पुन्हा मागे गेलात तर यंदा पदवी नाही, काकू. एक वर्ष पुढे.”

“फॉर्म बाद होतील, मॅडम. बाकं होणार नाहीत. सहाच्या सहा वर्गांत ती माझ्या नावावर लागतील.”

“तो तुमच्या संशोधनाचा विषय नाही.”

“नव्हता,” काकू म्हणाल्या. “आता आहे.”

घरी लेक अभ्यासाला बसली होती. ऐकून म्हणाली, “आई, आधी तू पास होणार की मी, ते एकदा ठरव. पेढे कुणाचे आधी वाटायचे?”

“तुझे वाट. मला बटणांचा डबा काढून दे.”

फॉर्म पुन्हा न्यायचा नाही, एवढं काकूंचं पक्कं झालं होतं. कागद दिसला की ती मुलं बरोबर उत्तर शोधणार. त्यांनी काड्यापेट्यांची एकोणीस बाकं केली आणि शिवणाच्या डब्यातून अडतीस बटणं निवडली, एकासारखं दुसरं नाही अशी.

तिसरी बच्या बाईंनी मात्र तोंड फिरवलं. “माझ्या वर्गाची बदनामी करायला मीच मुलं देऊ होय?”

“बदनामी माझी होणार आहे, बाई. चूक माझी, हे मी लिहून देते. सोमवारच्या बसण्याबद्दल मुलांना काय वाटतं एवढंच मला हवंय. चांगलं निघालं तर मी स्वतः हेडसरांना सांगेन.”

“आणि वाईट निघालं तर?”

“तर सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेन. तुमच्या पाठीमागे नाही.”

बाई बराच वेळ लाल पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला न्या. एका वेळी एक. गणिताला हात लावायचा नाही.”

जिन्याखाली जुने नकाशे ठेवायची खोली होती. तिथे चटईवर काकू बसल्या. दिवसाला तीन मुलं, कधी चार. पहिल्या दिवशीचा मुलगा हाताची घडी घालून उभाच राहिला. “उत्तर काय लिहायचं?” त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, “लिहायचं काहीच नाही. हा तुमचा वर्ग. या सोमवारी कोण कुठे बसलं ते मला लावून दाखव.” बटणं पाहिल्यावर त्याचे हात सुटले, आणि हात सुटल्यावर तोंड.

तीन दिवसांत शाळेत त्यांचं नाव ‘बटणवाल्या बाई’ पडलं.

काकूंना आधीपासून वाटत होतं, मागच्या बाकांवरची मुलं दुःखी असणार. पण मागची मुलं निराळंच बोलत होती. “आम्हाला कशाची भीती?” एक जाड भिंगांची मुलगी म्हणाली. “आमच्या मागे बाकच नाही.” दुसरा म्हणाला, “अभ्यास पुढच्यांनी करायचा असतो. आम्ही मागचे आहोत.” जसं काही ते त्याचं आडनाव होतं. इथे भीती नव्हती, पण जे होतं ते भीतीहून बरं नव्हतं.

आणि मग पाच आठवडे सलग पहिली आलेली मुलगी आली. घट्ट वेण्या, नखं कुरतडलेली. तिने सगळ्यांची बटणं पटापट लावली, स्वतःचं पांढरं बटण खिडकीजवळ ठेवलं आणि त्यावर बोट दाबून धरलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बोट निघेना.

“बोट दुखेल गं,” काकू म्हणाल्या.

“काढलं की दुसरं कोणीतरी बसेल.”

“सोमवारी सकाळी कसं वाटतं?”

“उलटी होते,” ती म्हणाली, जणू वार सांगावा तसं. “पण मी दात घासतानाच करून घेते. आईला कळत नाही.”

काकूंनी ते लिहून घेतलं. मग तिला म्हणाल्या, “आता तुला हवं तसं बसव सगळ्यांना.” मुलीने बाकं गोल लावली. गोलात पहिलं कुठलं, ते शोधूनही सापडत नव्हतं.

अडतीस मुलं तेरा दिवसांत झाली. तिघांना ताप आला तेव्हा काकू थांबल्या. एकही सोडलं नाही. मग शब्द दिल्याप्रमाणे आधी तिसरी बच्या बाईंकडे गेल्या आणि ताव उलगडला. सोमवारी पोटात दुखणारी, मळमळणारी किंवा रडू येणारी मुलं तेवीस. त्यांतली नऊ पहिल्या दहांतली, आणि पहिल्या नंबरापुढे नोंद होती, ‘उलटी’. त्याखाली बाईंच्याच मार्कांच्या वहीतून काढलेली यादी: गेल्या नऊ आठवड्यांत शेवटच्या आठ जागांवर कोण कोण बसलं. दर आठवड्याला तीच आठ नावं.

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. “मी तर पुढे यावं म्हणून मागे बसवते.”

“माहीत आहे मला.”

“पहिल्या नंबराला उलटी होते?” बाईंनी विचारलं. “मी दर सोमवारी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावते हो.”

बाईंनी पदराने चेहरा पुसला आणि एकदम करडेपणाने म्हणाल्या, “चला. हेडसरांकडे मीही येते. नाहीतर ते म्हणतील, बाहेरच्या बाईचं काय ऐकायचं.”

हेडसरांनी ताव दोनदा वाचला. “अडतीस बटणांवर शाळा चालवू का मी?”

“परवा अडतीस खुणांवर चालवणार होतात, सर,” काकू म्हणाल्या. “त्या तर शिकवलेल्या होत्या.”

“शिकवणारी मी,” बाई म्हणाल्या. “चेहरे फळ्यावर मीच काढले होते.”

हेडसर खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नव्हता. फक्त मागे फिरणं त्यांना जमत नसे. मग म्हणाले, “फळ्यावरची सूचना काढून टाकतो. पण कायमची नाही. सुट्टीनंतर एक सत्र तिसरी ब क्रमाशिवाय बसू दे. शनिवारची परीक्षा चालू राहील. मार्क उतरले, तर क्रम सगळीकडे लागेल, आणि मग मला कोणी काही सांगायचं नाही. मोजणार कोण?”

“मी,” काकू म्हणाल्या.

“तुमचा प्रबंध?”

“तो पुढच्या वर्षी.”

मॅडमना त्यांनी मुदतवाढीचा अर्ज नेऊन दिला. मॅडमनी सही करता करता मान हलवली, पण सही केली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी काकू तिसरी बच्या मागच्या भिंतीशी स्टूल घेऊन बसल्या. मुलं आत आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. सुट्टीत कसलीच परीक्षा झाली नव्हती, तरी ती जुन्याच नंबराप्रमाणे रांगेत होती.

“बसा,” बाई म्हणाल्या.

“कुठे?” पहिलीने विचारलं.

“कुठेही. जिथे हवं तिथे.”

कोणी हललं नाही. मग रांगेच्या शेपटाकडून कुजबुज सुरू झाली, आणि बघता बघता जो काही दंगा उसळला, त्यात बाकं सरकली, एक पाण्याची बाटली सांडली, दोघं एका जागेवरून भांडली, एकजण उगाचच रडला. पहिली तीनदा जागा बदलून चौथ्या ओळीत बसली आणि लगेच उठून पाचवीत गेली. बाईंच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ओरडायला उघडलेलं तोंड त्यांनी कसंबसं मिटलं. अखेर वर्ग बसला.

काकूंनी घड्याळ पाहिलं आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या ओळीवर लिहिलं: ‘बसायला अकरा मिनिटं.’

बाई त्यांच्याजवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, पुढच्या सोमवारीही असाच गोंधळ झाला तर?”

“तर तोही लिहायचा,” काकू म्हणाल्या, आणि पुढच्या ओळीवर पुढच्या सोमवारची तारीख घालून ठेवली.