आबुस आजी आल्या की यंत्र मरतं

"आल्या! आल्या!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि तैवानमधल्या ताइतुंगच्या त्या लहानशा रुग्णालयातली गर्दी झटकन बाजूला झाली. दारात आबुस आजी उभ्या होत्या. ठेंगण्या, पायाला पट्टी, अंगात डोंगरातल्या बुनुन जमातीच्या बायका घालतात तसं रंगीत काठाचं जाकीट. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने त्यांचं कार्ड चिमटीत धरून यंत्रात सरकवलं. पुढचे दोन पेशंट नीट पुकारले गेले. तिसऱ्याच्या वेळी भिंतीवरचा पडदा काळा पडला.

"बघा! डोळ्यांनी बघा!" नोंदणीप्रमुख श्वे ताई आमच्याकडे वळून म्हणाल्या. "आता तरी पटलं?"

'आम्ही' म्हणजे मी आणि पेइ-शान ताई. ह्या यंत्रातला प्रोग्रॅम आमच्या कंपनीचा, आणि त्यातला नोंदणीचा भाग पेइ-शान ताईंनी लिहिलेला. दुरुस्तीसाठी आम्ही तैपेईहून आलो होतो, आणि आजींना पुढच्या दाराने बोलवा, असं आम्हीच सांगितलं होतं. एरवी त्यांना मागच्या दाराने, धोबीखान्याजवळून यावं लागे. तिथे त्यांचं नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहीत. चिठ्ठी हरवली की आजी पट्टी न बदलताच घरी जात.

ही व्यवस्था रुग्णालयाने यंत्रशांतीसाठी बोलावलेल्या गुरू काओंची. यंत्रावर नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. त्यात नवल काही नाही. यंत्राने गुमान वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात, माझ्या टेबलावरही आहे. आम्ही त्याला गंमत म्हणतो. इथे मात्र पाकिटासमोर उदबत्त्या होत्या, संत्री होती, आणि जरीचा कोट घातलेले, गालात सुपारी धरलेले गुरू काओ होते.

"यंत्राची रास नाजूक!" ते गरजले. "ह्या आजींचं चांगलं तीन अक्षरी चिनी नाव होतं. ते टाकून डोंगरातलं जुनं नाव लावलं. पूर्वज गोंधळले! कुणाला हाक मारायची कळेना, मग शिरले यंत्रात! मागच्या दाराने पाठवायला लागल्यापासून यंत्र एकदा तरी मेलं का?"

"नाही!" सगळे एका सुरात म्हणाले. माझं डोकं सणकलं.

आजी बाकावर टेकल्या होत्या. "भांडू नकोस बाळा," त्या मला म्हणाल्या. "सोमवारी जाते मी कचेरीत. सरकारने दिलेलं चिनी नाव परत लावते. हे नाव माझ्या आजीचं गं, म्हणून हौसेने घेतलं होतं. पण माझ्यापायी इतक्या आजारी माणसांचा खोळंबा नको."

यंत्र पुन्हा चालू झाल्यावर मी आजींना हाताला धरून त्याच्यापाशी नेलं. "आजी, दोन्ही हात ठेवा ह्याच्यावर. हं, दाबून. बघा गुरू, मेलं का?"

"सावली हळूहळू चढते," काओ म्हणाले.

"जिना चढते का लिफ्टने जाते?" मी विचारलं, आणि दोघं-तिघं फिसकन हसले. मला चेव आला.

पेइ-शान ताई मात्र कोपऱ्यात आपल्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. यंत्र मरताना त्याच्या स्मृतीत काय लिहिलेलं होतं ते त्या चाळत होत्या. एकाएकी त्या थांबल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"गुरू," त्या हळूच म्हणाल्या, "आपलं पूर्ण नाव सांगता? सगळ्या बिरुदांसकट. आणि आजी, तुम्ही जरा समोरच्या टपरीवर चहा घ्याल?"

आजी रस्त्यापलीकडे गेल्या. काओंनी छाती फुगवली. "पूर्व किनारा यंत्रशांती सिद्धपीठाचे मुख्याचार्य, सप्ततारा-विद्याभूषण गुरुवर्य काओ थिएन-मिंग!"

ताईंनी ते सगळंच्या सगळं नावाच्या रकान्यात टाइप केलं. पुढचा पेशंट पुकारला. त्याच्या पुढचा. पडदा काळा.

"अगं बाई, गुरूंचेच पूर्वज शिरले!" कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसून हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्याने मी हसले. काओ 'पाकीट शिळं होतं' असं काहीसं पुटपुटत उठले आणि संत्री तेवढी पिशवीत भरून निघून गेले. हशा ऐकून आजी परत आत आल्या.

ताई हसल्या नव्हत्या. त्या आजींसमोर कमरेत वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"आजी, भूत नाही, सावली नाही. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "यंत्राची स्मृती जेवणाच्या डब्यासारखी असते, खणाखणांची. नावाचा खण मी बारीक ठेवला. लांब नाव ओतलं की ते शेजारच्या खणात सांडतं. त्या खणात पुढचे पेशंट कुठे सापडतील तो पत्ता असतो. तो पुसला जातो. त्या पत्त्यावर जायची वेळ आली की यंत्र मरतं. म्हणून लगेच नाही, जरा वेळाने."

"पण तुम्ही तपासलं असेल ना आधी?" श्वे ताईंनी विचारलं.

"तपासलं. हजारो नावं घालून." पेइ-शान ताई म्हणाल्या. "सगळी आमच्यासारखी. तीन अक्षरी. दुसरं कसलं नाव असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

ती नावं ताईंना मी पुरवली होती. काओला सावली दिसली. नावं गोळा करताना मला तर आजी मुळी दिसल्याच नव्हत्या. आणि मघापासून अंधश्रद्धेवर तोंड सोडत होते मी.

आजींनी विचारलं, "म्हणजे माझी आजी रागावली नाहीये?"

"नाही आजी."

"मग सोमवारी कचेरीत जायला नको?"

श्वे ताई उदबत्त्या विझवायला लागल्या, उगाच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

दुरुस्ती चार ओळींची होती: आधी नाव मोजा, मग तेवढा खण करा. जेवायच्या सुट्टीआधी झालीसुद्धा. वाचकहो, यंत्र बंद पडलं, गाय आटली, पोर आजारी पडलं, तर माणसाकडे बोट दाखवू नका. कारण शोधा, करून बघा, पुन्हा करून बघा. आणि जे स्वतःला फार शहाणे समजतात त्यांनी दुसऱ्याला हसण्याआधी आपण काय गृहीत धरून बसलोय तेही तपासून बघा. मला हे फार उशिरा सुचलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजत होतं.

दुपारी पडद्यावर नाव उमटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत: आबुस ताकिसविलाइनान. कर्ण्यातून ते पूर्ण पुकारलं गेलं. पडदा काळा पडला नाही. पुढचा पेशंट आला, त्याच्या पुढचा आला, तिसराही आला.

पट्टी बदलून झाल्यावर आजी उठल्या, जाकीट नीट केलं, आणि सवयीने मागच्या दाराकडे चालायला लागल्या.