वरचे पंच्याहत्तर रुपये

“पाचशे भरा, असं रोखपाल बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं की नाही? एवढंच सांगा, शिवशरण काका. हो की नाही?”

बँकेचे वकील अनिलकुमार यांनी आवाज मुळीच चढवला नव्हता. उलट म्हाताऱ्या माणसाला रस्ता विचारावा इतक्या अदबीने ते विचारत होते. ग्राहक आयोगाच्या त्या लांबट खोलीत पंखा कुरकुरत होता. अध्यक्षांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि चष्म्यावरून ईश्वर शिवशरणकडे पाहिलं.

उत्तर अगदी सोपं होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पैसे भरले त्या दिवशी काउंटरवर दोघंच होते, काचेच्या आत सोनाली नावाची रोखपाल मुलगी आणि बाहेर ईश्वर. मुलीने प्रतिज्ञापत्र दिलं होतं खरं, पण तिच्या शब्दाला साक्षीदार नव्हता. प्रकरण दोन वर्षं चाललं होतं, दोन लाखांचा प्रश्न होता आणि घरी सून वाट बघत होती. ईश्वरने काखेतली प्लास्टिकची फाईल दुसऱ्या काखेत घेतली.

“व्हय,” तो म्हणाला. “म्हनल्या व्हत्या.”

अध्यक्षांचं पेन पुन्हा चालू झालं.

ईश्वर एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, त्यातली बहुतेक वर्षं सोलापूर–मंगळवेढा. कंडक्टरच्या पिशवीत पैसे कमी भरले तर ते पदरचे भरावे लागतात, हे जगाला माहीत असतं. जास्त भरले तरी तितकीच भानगड होते, हे फक्त कंडक्टरला माहीत असतं. जास्त पैसा म्हणजे कुणाचं तरी तिकीट फाडलं नाही, नाहीतर कुणाचे तरी सुट्टे दाबले. वाटेत तपासणी पथक चढलं आणि पिशवीत चार रुपये वर निघाले की मेमो हातात. ईश्वरला एकतीस वर्षांत एकही मेमो मिळाला नाही. ही त्याची सगळी कमाई. ती त्याने निवृत्त होताना घरी आणली आणि घरच्यांचा जीव खाल्ला. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालायचा, आणि त्याच भाजीवाल्याने चुकून दोन रुपये जास्त दिले तर ते परत करायला भर उन्हात जायचा. मुलगा यशपाल हसायचा. म्हणायचा, “पप्पा, तुमी मेल्यावर पन सुट्टे मागताल की!”

यशपाल एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्याचा पगार दुसऱ्या बँकेत व्हायचा. घराजवळच्या या बँकेत त्याचं कॉलेजात स्कॉलरशिपसाठी काढलेलं जुनं खातं होतं, आणि त्याला एक सरकारी विमा जोडलेला होता. दर मेअखेर खात्यातून चारशे छत्तीस रुपये आपोआप कापले जायचे, आणि खातेदार गेला तर घरच्यांना दोन लाख. यशपालला कामातून सवड नसायची, म्हणून दर मे महिन्यात ईश्वरच जाऊन पैसे भरायचा.

त्या मेमध्येही तो गेला. आधी पासबुक छापून घेतलं. खात्यात अकरा रुपये होते. चारशे छत्तीसमधून अकरा गेले, राहिले चारशे पंचवीस. त्याने तेवढ्याची स्लिप भरली आणि पाचशेची नोट काचेखालून आत सरकवली.

“काका, पाचशेच भरा की,” सोनाली म्हणाली. “मधी काहीतरी चार्ज बसला तर कमी पडतील.”

“कसला चार्ज? लागतील तेवढंच घ्या. वरचे पंच्याहत्तर द्या परत.”

तिने दिले. ईश्वरने ते मोजून खिशात टाकले आणि घरी येताना नात संबोधीसाठी कलिंगड घेतलं. रात्री सगळ्यांनी मिळून खाल्लं. कलिंगड चांगलं लाल निघालं होतं, हे त्याला अजून आठवतं.

अठ्ठावीस मेला बँकेने त्या खात्यातून सतरा रुपये सत्तर पैसे कापले. कशाचे, तर मोबाईलवर मेसेज पाठवल्याचे. तीस तारखेला विम्याचा हप्ता कापायची वेळ आली तर खात्यात चारशे अठरा. हप्ता गेला नाही. हप्ता गेला नाही म्हणून बँकेने दंड घेतला दोनशे पंच्याण्णव. पुढच्या तिमाहीत मेसेजचे सतरा सत्तर पुन्हा गेले. विमा बंद पडला आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. ऑगस्टमध्ये यशपालला कावीळ झाली. आधी साधीच वाटली होती. नवव्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमधून त्याला घरी आणलं ते रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या चादरीत. तो एकतीस वर्षांचा होता. बापाची जेवढी नोकरी, तेवढंच पोराचं आयुष्य.

विमा बंद असल्याचं बँकेत कळलं ते ऑक्टोबरात. सून प्रतिक्षा पासबुक घेऊन घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं.

“मामा, पैशे तर तुमी भरलं व्हतं की?”

“भरलं व्हतं. बरूबर चारशे छत्तीस करून.”

“मग त्या बँकेतल्या बाईला कळलं न्हाय का, कमी पडतील म्हनून? ती काय बोलली न्हाय?”

ईश्वरने कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “काय बोलली न्हाय ती.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याची पिशवी जुळली नाही, ती त्या दिवशी.

मग मात्र तो हात धुऊन बँकेच्या मागे लागला. यशपालचा जुना नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद झाला होता आणि तो बदलून घ्यायचा अर्ज ईश्वरने स्वतः शाखेत दिला होता. अर्जाच्या नकलेवर बँकेचा शिक्का होता, तारीख होती. कंडक्टर माणूस, कागद कधी फेकत नाही. मग मेसेज गेले कुठे? एका दुपारी त्याने तो जुना नंबर स्वतःच फिरवला. पलीकडे मेंढरांचा कालवा ऐकू येत होता.

“कोन? सिद्धाप्पा बोलतोय, मंगळवेड्याकडनं.”

“तुमच्या फोनवर बँकेचं मेसेज येत्यात का वो?”

“येत्यात की. इंग्लिशमदी असत्यात. मला वाटलं मोबाईलवालंच पाठवत्यात. मेंढरामागं फिरताना कोन वाचतंय?”

ईश्वरने त्याला सगळं सांगितलं. सिद्धाप्पाने हाक देऊन मेंढरं थांबवली. मग म्हणाला, “म्हंजे तुमच्या पोराच्या विम्याचा निरोप माझ्या खिशात पडून ऱ्हायला म्हना की. लई वंगाळ झालं, पावनं.” दोन दिवसांनी त्याने मंगळवेढ्याच्या झेरॉक्सवाल्याकडून त्या मेसेजचा फोटो पाठवला. तीस मे, सकाळी दहा वाजून चार मिनिटं. शिल्लक अपुरी.

शाखेत अर्ज झाला, मग वरच्या कार्यालयात, मग बँकिंग लोकपालाकडे. कुणी उत्तरच दिलं नाही, कुणी दिलं ते ‘नियमानुसार कपात केली आहे’ असं एका ओळीत. शेवटी ईश्वरने ग्राहक आयोगात प्रतिक्षाच्या नावाने तक्रार दाखल केली. वकील दिला नाही. तिचं अधिकारपत्र घेऊन तो स्वतःच उभा राहू लागला. प्रतिक्षाला सुट्टी मिळायची नाही. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, खाडा पडला की तेवढी रोजी बुडे.

तारखा पडू लागल्या. मधे एकदा शाखेच्या व्यवस्थापकाने त्याला बोलावून चहा पाजला आणि एक पाकीट पुढे केलं.

“आमचे कापलेले सगळे चार्ज यात आहेत काका. तक्रार मागं घ्या, एवढंच.”

ईश्वरने पाकीट उघडून मोजलं. सतरा सत्तर दोनदा आणि दोनशे पंच्याण्णव, म्हणजे तीनशे तीस रुपये चाळीस पैसे. पाकिटात तीनशे एकतीस होते.

“साठ पैशे जास्त हायत,” तो म्हणाला आणि पाकीट तिथेच ठेवून उठला. व्यवस्थापकाला तो विनोद वाटला.

इकडे मोहोळहून प्रतिक्षाचा भाऊ येता-जाता बहिणीला माहेरी न्यायचं बोलत होता. मीनाबाई, म्हणजे ईश्वरची बायको, सहा वर्षांपूर्वी वारली होती. घरात म्हातारा सासरा, तरणी विधवा सून आणि लहान पोर. “लोकं काय म्हनत्यात ते मला ऐकाया लागतंय,” भाऊ म्हणायचा. प्रतिक्षाने त्याला एकच सांगितलं होतं, निकाल लागेपर्यंत थांब. दोन लाख आले तर दोन शिलाई मशिनी आणि कडा शिवायची एक ओव्हरलॉक घ्यायची, घरीच कारखान्याचं काम आणायचं, संबोधीची शाळा बदलायची नाही. नाही आले तर मोहोळ. ईश्वरला हे सगळं माहीत होतं. म्हणजे आयोगाच्या खोलीत ‘व्हय’ म्हणताना त्याला माहीत होतं.

त्या दिवशी जिन्यात अनिलकुमार वकिलांनी त्याला गाठलं. जिंकलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते.

“काका, खरं सांगू? तुम्ही नाही म्हटला असतात तर माझ्या हातात काहीच नव्हतं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगसुद्धा उरलेलं नाही.”

“एकतीस वर्षं कंडक्टर व्हतो, साहेब,” ईश्वर म्हणाला. “पिशवी दाखवा म्हनलं की दाखवायची असती.”

असं म्हणून तो तडक खाली उतरला खरा, पण रस्त्यावर आल्यावर घराकडे वळायचं सोडून उलट्या दिशेने चालत राहिला. परक्या माणसांसमोर खरं बोलता आलं. घरातल्या एकीसमोर दोन वर्षांत आलं नाही. कसला सरळ माणूस, कसली एकतीस वर्षांची बिनमेमोची नोकरी! त्याला स्वतःची किळस आली.

तीन आठवड्यांनी निकालाची प्रत मिळाली. चार पानं, कोपऱ्यात पिन. एसटी स्टँडच्या बाकावर बसून ईश्वरने ती वाचली. तक्रार अंशतः मंजूर. नंबर बदलण्याचा अर्ज मिळूनही बँकेने दुर्लक्ष केलं, सबब मेसेजचं शुल्क अनुचित. इथपर्यंत दुसरं पान. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘तथापि, रोखपालाने जादा रक्कम भरण्याची स्पष्ट सूचना दिली असता तक्रारदाराच्या सासऱ्यांनी ती नाकारून ७५ रुपये परत घेतले, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. सदर रक्कम खात्यात राहिली असती तर विम्याचा हप्ता वसूल झाला असता. सबब विमा रकमेची मागणी फेटाळण्यात येते.’

त्याने ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत पाठ झालं. मंगळवेढ्याची गाडी लागली, भरली, निघून गेली. पिन काढून ते एक पान बाजूला करणं अवघड नव्हतं. पण निकाल प्रतिक्षाच्या नावाचा होता, आणि आता तरी तिला कळायला हवं होतं. तोंडाने सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती. कागद सांगेल, असं ठरवून तो उठला.

प्रतिक्षा संध्याकाळी आली. ओढणीला खाकी दोऱ्यांचे तुकडे चिकटले होते. संबोधी दारात बसून पाटीवर बेरजा करत होती.

“आला निकाल?”

ईश्वरने कागद पुढे केला. “मोठ्यानं वाच.”

ती खाली बसली आणि वाचू लागली. पहिलं पान झालं. दुसरं झालं. “‘शुल्क अनुचित’ म्हनलंय, मामा,” ती मधेच वर बघून म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज जरा हलका झाला होता. मग तिने तिसरं पान उघडलं.

ती वाचायची थांबली. डोळे मात्र ओळीवरून फिरत राहिले. एका ठिकाणी आले, मागे गेले, पुन्हा तिथेच आले. ईश्वर आपल्या गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत बसला. दारातून संबोधीचं ‘हातचा एक’ ऐकू येत होतं.

पान उलटल्याचा आवाज झाला.

“‘बँकेने तीनशे तीस रुपये चाळीस पैसे व्याजासह द्यावेत,’” प्रतिक्षा वाचू लागली. आवाज कोरडा होता, पण मोडला नव्हता. “‘मानसिक त्रासाचे तीन हजार आणि खर्चाचे दोन हजार, पंचेचाळीस दिवसांत.’ झालं. विम्याचं न्हाय म्हनत्यात.”

“तिसरं पान ऱ्हायलं,” ईश्वर म्हणाला.

प्रतिक्षाने कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं.

“तितं काय न्हाय, मामा,” ती म्हणाली. “नुसती कायद्याची कलमं हायत.”

तिने पानं सरळ केली, यशपालच्या फाईलमध्ये घातली आणि फाईल पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली. मग फोन घेऊन ती दाराशी गेली आणि भावाला म्हणाली, रविवारी ये, सामान फार न्हाय. आत येऊन तिने ताट घेतलं आणि सासऱ्याला आधी वाढलं.